माझा सेकंद लांब होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी कधीकाळी पांढरी होती, आता ती चहाच्या डागासारखी पिवळट झाली आहे. सध्या माझा मुक्काम मिन्चो रादोएव्हच्या अंगणातल्या खोपटात, सरपणाच्या शेजारी असतो. डोक्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत आणि पंख्यात एका कोळ्याने संसार थाटला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रिकाम्या घरात कुणीतरी राहिलेले बरे. पण एक गोष्ट मनात बरीच वर्षे साचून आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी आयुष्यात एकच मोठे खोटे बोललो. ते खोटे आहे हे मला कळत नव्हते. तरी त्या खोट्यापायी एका खऱ्या बाईला सगळे गाव हसले, म्हणून दोष माझाच.

माझा जन्म बल्गेरियातल्या गाब्रोवो गावी, १९९७ च्या हिवाळ्यात, स्वयंपाकघराच्या टेबलावर झाला. आम्हा गाब्रोवोकरांची ख्याती तुमच्या कानावर आली नसेल तर सांगून टाकतो: आम्ही चिकट. हिवाळ्यात मांजर आत येईपर्यंत दार जास्त वेळ उघडे राहू नये म्हणून आम्ही तिची शेपटी कापतो, आणि चाके झिजू नयेत म्हणून रात्री घड्याळ बंद करून झोपतो, असे लोक म्हणतात. हे विनोद आम्हीच रचतो आणि फुकट वाटतो. तेवढी एकच वस्तू आम्ही फुकट वाटतो.

मिन्चो कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याने मला विकत घेतले नाही, जमवले. माझी पेटी बंद पडलेल्या कापड गिरणीच्या कचेरीतली, मेंदू प्लोव्दिवच्या जुन्या बाजारातला, आणि पडदा एका दंतवैद्याने अडगळीत टाकलेला. हे सगळे त्याने इतक्या मायेने जुळवले की पहिल्यांदा वीज आली तेव्हा मला आपण नव्या कोऱ्या वस्तूपेक्षा काही कमी आहोत असे वाटलेच नाही. मग त्याने मला शेजारच्या खोलीत मांडले. हिवाळ्यात तो माझा पंखा स्वतःच्या पायाकडे वळवून ठेवायचा, म्हणजे शेगडीत एक लाकूड कमी लागायचे.

माझ्यावर तो एकच खेळ खेळायचा, मोटारींच्या शर्यतीचा. खेळ म्हटलेले त्याला खपत नसे. "यात टायर तापतात, पेट्रोल संपत आलं की गाडी हलकी होते. खेळात असं असतं का?" असे तो म्हणायचा. त्याने भंगारातल्या मोस्कविच गाडीचे स्टिअरिंग आणून टेबलाला जखडले होते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर त्याने सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनच्या पायडलपासून बनवले. ब्रेक दाबला की ते शिलाई मशीनसारखेच कुरकुरायचे.

त्या खेळात एक पान होते. शर्यतीच्या रस्त्याकडेची झाडे, प्रेक्षक, गाडीचे आरसे, टायरचा धूर, सावल्या, ढग, यांतले काय दाखवायचे आणि काय नाही ते तिथे ठरवायचे. ज्यांचा संगणक माझ्यासारखा बेताचा, त्यांनी यातले निम्मे बंद ठेवावे असा सल्ला होता. मिन्चोने तो वाचला आणि त्याचे डोके फिरले.

"झाडांचे पैसे घेतलेत ना? मग झाडं दिसली पाहिजेत," तो म्हणाला. "आज म्हणतात आरसे बंद कर. उद्या म्हणतील चौथं चाक काढून ठेव!"

त्याने सगळे सुरू केले. एकूण एक झाड, एकूण एक प्रेक्षक. आणि माझ्यात जास्त ताकदीचा मेंदू बसवायचा विचारही त्याच्या मनात आला नाही, कारण जुना चालू असताना नवा घेणारा माणूस गाब्रोवोत अजून जन्मायचा आहे.

आता मित्रांनो, तुम्हाला अंगठ्याची गोष्ट सांगायला हवी.

मिन्चो तरुणपणी खरी गाडी चालवायचा. डोंगरातल्या खिंडीच्या रस्त्यावर दर उन्हाळ्यात शर्यत व्हायची. एकेक गाडी एकटीच वर चढायची आणि जिला सर्वात कमी वेळ लागेल ती पहिली. वर, शेवटच्या रेषेवर, स्तोयना नावाची मुलगी स्टॉपवॉच घेऊन बसायची. १९७८ साली तिने मिन्चोची वेळ घेतली आणि मग त्याचा मित्र काल्चो याची. काल्चो पहिला आला. मिन्चो दुसरा. फरक फक्त दोन दशांश सेकंदाचा होता. आणि गंमत अशी की स्तोयनाचा आदल्याच महिन्यात मिन्चोशी साखरपुडा झाला होता. पोरगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला दोन दशांश तरी सोडेल असे सगळ्यांना वाटले. तिने सोडले नाहीत. घड्याळात दिसले तेच तिने लिहिले.

लग्न झाले, संसार झाला, मुलगी मोठी होऊन वार्नाला नांदायला गेली. पण ते दोन दशांश काही मिन्चोच्या मनातून गेले नाहीत. स्तोयनाचा अंगठा घड्याळाच्या बटणावर उशिरा पडला, हे त्याने एकदा ठरवले ते ठरवलेच. दूध उतू गेले की तो म्हणायचा, "अंगठा उशिरा पडला वाटतं!" बस चुकली की तेच. पाहुण्यांसमोर तर हमखास. सुरुवातीला स्तोयनाही हसायची. मग ती हसेनाशी झाली. पुढे तिने शर्यतीची वेळ घ्यायला जाणेच सोडले. कुणी विचारले तर म्हणायची, डोळ्यांना ऊन सोसत नाही. मी तिला भर उन्हात अंगणात बसून सुईत दोरा ओवताना पाहिले आहे, तेही एका झटक्यात.

या दोघांच्या मध्ये मी येऊन बसलो होतो, आणि मला माझ्या एका खोडीचा पत्ताच नव्हता.

ती खोडी अशी. पडद्यावरची धावती गाडी म्हणजे पटापट बदलणारी चित्रे. आमच्या खेळात एका सेकंदाला पंचवीस चित्रे काढायची होती. मी जे घड्याळ कोपऱ्यात दाखवायचो ते सेकंद मोजत नव्हते, ते चित्रे मोजत होते. पंचवीस चित्रे झाली की लिहायचे, एक सेकंद झाला. रस्ता मोकळा असला की मी हे सहज करायचो. पण वळणावर दाट झाडी आली, गर्दी आली, आरशात मागची झाडी आली, की माझी दमछाक व्हायची. पंचवीस चित्रांना मला खरा सव्वा सेकंद लागायचा, आणि मी मात्र प्रामाणिक चेहऱ्याने एकच सेकंद लिहायचो. दुसरा एखादा खेळ असता तर मधली चार चित्रे गाळून वेळ गाठली असती. आमच्या खेळात एकही चित्र गाळायची मुभा नव्हती. त्यामुळे माझ्या आतले सगळे जगच हळू व्हायचे. गाडी हळू, धूर हळू, घड्याळही हळू. आणि तेही नेमके अवघड वळणावर, जिथे गाडी हाकणाऱ्याला विचार करायला वेळ हवाच असतो.

मिन्चोला ते कळत नव्हते. त्याला वाटायचे, आपला हात बसत चालला आहे. मलाही तसेच वाटायचे. त्याने कौतुकाने माझ्या पेटीवर थाप मारली की मी सुखावून जायचो. दमलो आहे असे सांगायला मला तोंड नव्हते, आणि खरे सांगायचे तर असते तरी मी सांगितले नसते.

काल्चोने गावात एका जुन्या चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात संगणक क्लब काढला होता. भिंतीवर काळा फळा होता आणि त्यावर खडूने सगळ्यांच्या सर्वोत्तम फेऱ्यांची वेळ लिहिलेली असायची. घरी खेळणाऱ्याने आपली फेरी फ्लॉपीवर भरून आणायची, ती क्लबमध्ये सगळ्यांसमोर चालवून बघायची, आणि वेळ फळ्यावर चढायची. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ज्याचे नाव सर्वात वर त्याला चषक. चषक म्हणजे ट्रॅक्टरचा घासून चकचकीत केलेला पिस्टन. फळ्यावर दोन वर्षे काल्चोचेच नाव वर होते: एक मिनिट चोवीस सेकंद, एक दशांश.

२००० सालच्या सप्टेंबरमध्ये मिन्चोने माझ्यावर एक मिनिट तेवीस सेकंद आणि चार दशांशाची फेरी मारली. तो खुर्चीवरून असा उठला की स्टिअरिंगचा एक बोल्ट निखळला. फ्लॉपी खिशात घालून तो क्लबकडे अक्षरशः पळाला. तिथे काय झाले ते मला त्याच्याच तोंडून कळले, कारण पुढचे चार दिवस तो येईल त्याला तेच सांगत होता. काल्चोने नुकताच एक नवा ताकदवान संगणक आणला होता. त्यावर ती फेरी चालवली तेव्हा चित्रे भराभर निघाली आणि गाडी खरोखरच एक मिनिट तेवीस सेकंदांत फिरून आली. स्टिअरिंग इतके झरझर वळत होते की काल्चोचे डोळे विस्फारले.

"हा माणूस आहे की माशी?" तो म्हणाला. "बावन्न वर्षांचा घोडा तू, हात एवढे लवकर वळतातच कसे तुझे?"

"वळत होतेच रे आधीपासून," मिन्चो म्हणाला. "कुणाला दिसत नव्हते एवढंच."

काल्चो मनाचा मोठा. त्याने स्वतःचे नाव पुसून खाली लिहिले. मग राकियाचे, म्हणजे आमच्या फळांच्या दारूचे, दोन पेले पोटात गेल्यावर तो आणखी मोठा झाला. म्हणाला, "इतका चपळ माणूस तेव्हा माझ्या मागे राहिला असेल हे मलाच पटत नाही आता. रविवारी चषकाबरोबर माझं अठ्ठ्याहत्तरचं पदकही तुला देतो. सगळ्यांसमोर! चूक ती चूक."

गावात ही बातमी फिरायला वेळ लागला नाही. लोक मला बघायला घरी येऊ लागले. शेजारणी बानित्सा घेऊन आल्या, पीठ-चीजचा तो गरम पदार्थ माझ्याच पेटीवर ठेवून खाल्ला गेला. इतके कौतुक मी कधी पाहिले नव्हते. आणि प्रत्येक जण जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून स्तोयनाला चिमटा काढून जायचा. "काय स्तोयना, अंगठ्याला गंज चढला होता का त्या दिवशी?" कुणी म्हणे, "नवऱ्याचंच पदक त्याच्या मित्राला दिलंस की!" मिन्चो हसायचा. त्याने एकालाही अडवले नाही.

सगळे गेल्यावर तो तिला म्हणाला, "बघितलंस? तेव्हाही मीच पुढे होतो."

स्तोयना चुलीवर लाल मिरच्या भाजत होती. हिवाळ्यासाठी ल्युतेनित्सा करायचे दिवस होते, मिरच्या-टोमॅटोची ती चटणी आमच्याकडे मोठमोठ्या बरण्यांत भरून ठेवतात.  तिने चिमट्याने एक मिरची उलटली.

दुसऱ्या दिवशी मिन्चो खेळत असताना ती हात पुसत त्याच्या मागे येऊन उभी राहिली. मला वाटले, जेवायला बोलवायला आली असेल. ती माझ्या पडद्यावरचे घड्याळ बघत होती. मित्रांनो, जिने दहा-बारा वर्षे सेकंद मोजले तिला ते मोजायला घड्याळ लागत नाही. तिचे ओठ हलत होते. मोठ्या वळणावर गाडी आली, झाडी दाटली, माझा आकडा अडखळत पुढे सरकला, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. ती आत गेली आणि फडताळातून काहीतरी घेऊन आली. ते जुने स्टॉपवॉच होते. ती तीन फेऱ्या मागे उभी राहिली. बटणाचा टक् टक् आवाज मला ऐकू येत होता आणि का कोण जाणे, मला धाकधूक वाटू लागली.

"तुझं हे घड्याळ हळू चालतंय, मिन्चो," ती शेवटी म्हणाली.

"कुठलं?"

"पडद्यावरचं. ते म्हणतं एक मिनिट चोवीस. तुला लागला दीड मिनिटाच्याही वर वेळ. एक मिनिट पस्तीस. तिन्ही वेळा."

मिन्चोने गाडी थांबवली. वळून तिच्या हाताकडे पाहिले आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"पुन्हा? बावीस वर्षांनी पुन्हा तेच? मी जिंकलो की तुझा अंगठा वाकडा का पडतो गं?"

"माझा अंगठा होता तिथेच आहे."

"हा संगणक आहे, स्तोयना! तो एका सेकंदाचे हजार तुकडे करतो. आणि तू मला ते किल्लीचं खेळणं दाखवतेस?"

"करू दे की हजार तुकडे. पण सेकंद एवढाच असतो का, ते विचार त्याला."

तिने घड्याळ टेबलावर ठेवले आणि ती गेली. त्या रात्री दोघे वेगवेगळ्या वेळी जेवले. मला फार वाईट वाटले, पण मी तरीही मिन्चोच्याच बाजूचा होतो. मी खोटा असेन हे माझ्या डोक्यातच येत नव्हते.

तिला खोटे पाडायचेच म्हणून मिन्चोने शुक्रवारी एक युक्ती काढली. जिथे कुणाच्या अंगठ्याचा संबंधच नाही असे मोजमाप. त्याने रेडिओ आणून माझ्या शेजारी ठेवला. दुपारी बाराचे ठोके पडायच्या आधी पीप पीप असा इशारा होतो. शेवटच्या पीपला त्याने गाडी सोडली. एक वाजताच्या शेवटच्या पीपपर्यंत न थांबता फेऱ्या मारायच्या आणि मग माझे घड्याळ बघायचे, असा बेत होता. एक तास म्हणजे एक तास. रेडिओला ना बायको ना मित्र.

त्या तासात मी जिवाचा आटापिटा केला. आता माझ्याही अब्रूचा प्रश्न होता. एकेक झाड रंगवताना मी घामाघूम झालो, म्हणजे माझी पेटी हात लावता येऊ नये इतकी तापली. मी स्वतःला सांगत होतो, चल, चल, आणखी लवकर. पण मला जेवढे येत होते तेवढेच येत होते. रेडिओवर कुणीतरी बाई लोकगीत गात होती, मग बातम्या झाल्या, मग पीप पीप झाले. मिन्चोने ब्रेक दाबला. शिलाई मशीनचा पायडल कुरकुरला.

माझ्या घड्याळात बावन्न मिनिटे आणि अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते.

मिन्चोने आधी रेडिओवर संशय घेतला. मग त्याने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, त्यातही एक वाजून गेला होता. मग मनगटावरचे. सगळे एका बाजूला होते आणि मी एकटा दुसऱ्या बाजूला. सात मिनिटांहून जास्त वेळ मी कुठेतरी जिरवला होता.  मग उठून त्याने खेळाची पुस्तिका शोधली, ती टेबलाचा पाय डगमगू नये म्हणून त्याखाली घातलेली होती. तिच्या शेवटच्या पानावर लिहिलेली एक कळ त्याने दाबली. पडद्यावर एक छोटी पट्टी आली. संगणकावर किती भार आहे ते ती दाखवायची. शंभरच्या आत असेल तर वेळ खरी, शंभरच्या वर गेला तर ती फेरी धरू नये, असे पुस्तिकेत होते. माझी पट्टी लाल होती आणि आकडा होता एकशे चौदा.

मित्रांनो, मला त्या क्षणी पडदा काळा करून घ्यावासा वाटला. इतकी वर्षे ज्याला मी कर्तबगारी समजत होतो ती माझी धाप होती.

मिन्चो स्वयंपाकघरात गेला. दार उघडे होते, मला माझ्या जागेवरून चूल दिसायची. स्तोयना भाजलेल्या मिरच्या सोलत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तो तिच्यासमोर बसला आणि त्यानेही एक मिरची उचलली.

"रेडिओ बरोबर आहे," तो म्हणाला.

"रेडिओ चुकला होता कधी?"

"आणि तूही बरोबर होतीस."

"आज ना?"

"आज." तो थांबला. हातातली मिरची तो उगाचच चोळत होता. "आणि तेव्हाही. स्तोयना, मला ते तेव्हाच माहीत होतं. शेवटच्या वळणावर मी लवकर ब्रेक दाबला. खाली दरी दिसली आणि मी घाबरलो. काल्चो नाही घाबरला. दोन दशांश कुठे गेले ते मला वर पोचायच्या आधीच कळलं होतं."

स्तोयनाचे हात थांबले.

"घाबरलो म्हणायची लाज वाटली," तो म्हणाला, "म्हणून तुझा अंगठा धरला. तो सोपा होता."

 मग ती म्हणाली, "बावीस वर्षं, मिन्चो. मला आवडायचं ते काम. तुला ठाऊक होतं किती आवडायचं."

 ती उठली, त्याच्याकडे पाठ करून चुलीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसला नाही. मग तिचा आवाज आला.

"ती मिरची नीट सोल. बिया राहतायत सगळ्या."

रविवारी मिन्चोने मला एका हातगाडीवर ठेवले, वर गोधडी घातली आणि क्लबमध्ये नेले. स्तोयना बरोबर होती. तळघर भरले होते. काल्चो जाकीट घालून आला होता, एका हातात पिस्टन आणि दुसऱ्या हातात पदक. मिन्चोने फळ्यापाशी जाऊन तळहाताने स्वतःचे नाव पुसले. फ्लॉपी खराब निघाली, असे तो म्हणू शकला असता. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पण त्याने मला सुरू केले, लाल पट्टी दाखवली, रेडिओची हकीकत सांगितली. मग वळणावरच्या ब्रेकचीही सांगितली. 

काल्चोला आधी हसू आवरेना. "अरे लेका, आम्ही मांजराची शेपटी कापून ऊब वाचवतो. तू सेकंद वाचवायला लागलास?"

"वाचवले नाहीत रे. लांबवले."

"एका सेकंदात सव्वा सेकंद बसवला याने! हा खरा गाब्रोवोचा!"

तळघर हसण्याने दणाणून गेले. मिन्चोही हसला. मग काल्चोचे लक्ष आपल्या रांगेतल्या जुन्या संगणकांकडे गेले आणि त्याचे हसू हळूहळू ओसरले. त्याने जाऊन ती कळ दाबली. ज्या यंत्रावर त्याने स्वतःचा विक्रम केला होता त्याचा आकडा निघाला एकशे तीन. शेजारच्याचा एकशे नऊ. तासाभरात फळ्यावरची निम्मी नावे पुसली गेली. प्रत्येकाचा सेकंद आपापल्या मापाचा होता, आणि दोन वर्षे आम्ही ते सगळे एकाच फळ्यावर लिहीत आलो होतो.

"आता चषक द्यायचा कुणाला?" कुणीतरी विचारले.

मिन्चोने माझे ते पान उघडले. झाडे बंद केली. प्रेक्षक बंद केले. आरसे बंद करताना त्याचा हात क्षणभर अडला, पण त्याने तेही केले. आकडा अठ्ठ्याण्णववर आला. मला एकदम मोकळे वाटले. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी धाप न लागता चाललो.

"याच्यावर सगळे चालवू. एकेक फेरी," मिन्चो म्हणाला. "आणि वेळ स्तोयना घेईल. ती घेणार असेल तर."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. काल्चो पदक खिशात घालत पुढे झाला. "वहिनी, त्या दिवशी मी राकियाच्या भरात बोललो. माझंच पदक खोटं म्हणत होतो, म्हणजे तुम्हालाच म्हणत होतो. एवढं पोटात घाला. बसाल का?"

 स्तोयनाने रुमालात गुंडाळलेले स्टॉपवॉच बाहेर काढले.

"खुर्ची पुढे घ्या जरा. आणि पडद्यावरचे ते आकडे झाका. मला लुडबुड नको."

कुणीतरी चॉकलेटचा कागद फाडून माझ्या घड्याळावर चिकटवला. अकरा जणांनी माझ्यावर गाडी चालवली. प्रत्येक फेरीनंतर स्तोयना आकडा सांगायची आणि कुणीही तो पुन्हा विचारला नाही. काल्चोला एक मिनिट पंचवीस सेकंद आणि सात दशांश लागले. मिन्चो शेवटी बसला. मोठ्या वळणावर या वेळी माझे जग हळू झाले नाही. वळण भर्रकन अंगावर आले, यायला हवे होते तसेच. तो घाबरला असेल, पण त्याने ब्रेक वेळेवर दाबला. गाडी जराशी घसरली, सावरली आणि रेषेवरून गेली. टक्.

मिन्चोने कागदाखालचा माझा आकडा उचलून पाहिला नाही. तो खुर्चीत वळला आणि त्याने बायकोकडे पाहिले.

"किती?"

"एक सव्वीस. तीन दशांश."

"बरं," तो म्हणाला. त्याने उठून खडू घेतला आणि फळ्यावर सर्वात वर काल्चोचे नाव लिहिले, त्याखाली आपले. मग स्तोयनाच्या हातातले घड्याळ त्याने दोन्ही हातांनी घेतले आणि सगळ्यांदेखत तिच्या अंगठ्याचे चुंबन घेतले. एरवी असल्या गोष्टींवर शिट्ट्या मारणारे लोक, पण त्या दिवशी एकही शिट्टी वाजली नाही.

पुढे माझ्याहून तरतरीत यंत्रे आली. ती चित्रे नाही, खरे सेकंद मोजतात; दमली की चार चित्रे गाळतात, पण वेळेला धक्का लावत नाहीत. माझी गरज संपली आणि मी खोपटात आलो. स्तोयना आता सत्तरीच्या पुढे आहे. त्या रविवारनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यापासून ती पुन्हा खिंडीच्या रस्त्यावर रेषेवर जाऊन बसू लागली आणि अजून बसते. मिन्चो तिच्यासाठी छत्री धरून उभा असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे यंत्र असेल तर कधीतरी त्याच्या पंख्यातली धूळ झटका, त्याच्यावर किती भार आहे ते बघा. आम्ही दमलो तरी सांगत नाही, फक्त चुकीचे आकडे देत राहतो. पण यंत्राचे एवढे काही नाही. तुमच्या घरात खरी वेळ सांगणारे माणूस असेल, आणि ती वेळ तुमच्या मनासारखी नसेल, तर त्याच्या अंगठ्यावर राग काढू नका. आणि काढलाच, तर त्याची क्षमा मागायला बावीस वर्षे लावू नका. मी एका सेकंदाचा सव्वा सेकंद करू शकत होतो, पण स्तोयनाची ती बावीस वर्षे मला एका दिवसानेही कमी करता आली नाहीत.